दुकानाचा लळा

दुकानाला माणसाने जीव लावावा काय, हा प्रश्न ऐकताना थोडा हास्यास्पद वाटतो. शेताला, विहिरीला, बैलाला, शाळेच्या पडक्या इमारतीला जीव लावलेली माणसे आपण पाहतो आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात आळे या गावी तर एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो हाच रेडा, अशी लोकांची श्रद्धा. त्याच्या आठवणीने तिथे यात्रा भरते. मुक्या जनावराच्या तोंडून चार शब्द बाहेर पडले म्हणून त्याचे ऋण पिढ्यान्‌पिढ्या मानणारा हा मुलूख. पण दुकान? दुकान म्हणजे तराजू, गल्ला आणि देवघेव. पैसे टाकावेत, वस्तू उचलावी, बाहेर पडावे. पैसे चुकते झाले की नाते संपले, असे व्यवहार सांगतो आणि कायदाही तेच सांगतो.

आम्हांस मात्र एका पुस्तकाच्या दुकानाचा लळा लागला होता. ते दुकान आज नाही. ते गेल्याचे दुःख आम्हांस होते, हे खरे. परंतु ते दुःख करण्याचा आम्हांस अधिकार आहे काय, या प्रश्नाने गेली काही वर्षे आमची पाठ सोडलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानाचे नाव आम्ही सांगत नाही, गावाचेही सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बाजारपेठ म्हणावी अशी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथल्या वाचकाला तर्क करता येईल. त्याने तो करू नये अशी विनंती आहे. दुकान म्हणाल तर एका वाड्याचा रस्त्याकडचा गाळा. दर्शनी भागात वह्या, कंपासपेट्या, रंगाचे खडू, बालभारतीची पुस्तके, नवनीतची गाईडे. दिवाळीनंतर कालनिर्णय आणि पंचांगे. दुकान चालायचे ते जून महिन्यावर. शाळा उघडण्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे पंधरा, एवढीच त्याची सुगी. आत, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे, तिथे पाच फळ्यांची एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर ठेवलेल्या पुस्तकांना दुकानाचे मालक ‘अवांतर’ म्हणत. परीक्षेत ज्याचा उपयोग नाही ते सारे अवांतर. कादंबरी अवांतर, इतिहास अवांतर, तुकोबांची गाथादेखील अवांतर. शाळामास्तरांच्या तोंडचा शब्द त्यांनी उचलला होता, पण तो उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येई त्यावरून त्यांचा जीव कोणत्या फळीवर आहे हे कळत असे.

२००१ साली आमची नेमणूक या भागात झाली. ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे मोटारसायकलीवर फिरणे पुष्कळ आणि संध्याकाळी बोलायला माणूस नाही, अशी स्थिती. एका बाजारच्या दिवशी शाई घ्यायला म्हणून त्या दुकानात शिरलो. काकांनी (त्यांना सारे गाव काकाच म्हणे) आम्हांस आतल्या मांडणीकडे डोकावताना पाहिले. आम्ही विचारले, “काय काय आहे?” ते म्हणाले, “ते नंतर सांगतो, फादर. आधी तुम्ही वाचता काय ते सांगा.”

हा प्रश्न आम्हांस त्यापूर्वी कोणत्याही दुकानदाराने विचारला नव्हता. पुण्यात नगर रस्त्यावरच्या सेमिनरीत आम्ही शिकत होतो त्या काळात सुटीच्या दिवशी सायकल काढून लष्कर भागात मोलेदिना रस्त्यावरच्या मॅनीजमध्ये जायचे आणि इंग्रजी पुस्तके उभ्याने चाळायची, हा आमचा मोठाच विरंगुळा असे. तिथे विकत घेतलेल्या पुस्तकांपेक्षा फुकट वाचलेली पाने कितीतरी अधिक भरतील. मराठी पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. तिथल्या गर्दीत मात्र दोन मिनिटे उभे राहण्याची सोय नाही, नाव सांगा आणि घ्या. एकीकडे कोणी हटकीत नसे, दुसरीकडे कोणी थांबू देत नसे. पण तू कोण आहेस, काय वाचतोस, असे कोणी विचारले नव्हते. काकांनी विचारले. आम्ही आमची विद्वत्ता दाखवण्यासाठी चार जड नावे सांगितली. काकांनी ती ऐकून घेतली आणि मांडणीवरून ‘स्मृतिचित्रे’ काढून समोर ठेवले. “हे वाचलंच असेल तुम्ही, तुमच्याच लोकांचं आहे,” असे म्हणाले. आम्ही ते शाळकरी वयात, धड्यापुरते वाचले होते. लक्ष्मीबाई टिळक आमच्या पंथाच्या नव्हेत, असा खुलासा करण्याचा मोह आवरला आणि पुस्तक घेतले. त्या रात्री ते पुन्हा वाचताना, आपल्या धर्मांतरित घराण्यांच्या मराठीविषयी सेमिनरीतील आठ वर्षांत जे कळले नव्हते ते कळू लागले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

काका दर पंधरवड्यास एस.टी.ने पुण्यास जात आणि गठ्ठे बांधून आणीत. शाळेच्या मालाबरोबर दोन-चार अवांतर पुस्तके कुणाकुणाला डोळ्यांसमोर ठेवून आणलेली असत. पंचायत समितीतील एका लेखनिकासाठी किल्ल्यांची पुस्तके, निवृत्त मुख्याध्यापिकेसाठी प्रवासवर्णने, आमच्यासाठी कधी संतसाहित्याचे, कधी नाटकाचे. “हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय,” हे वाक्य म्हणताना ते पुस्तक गल्ल्याखालून काढीत. ते घेतलेच पाहिजे अशी सक्ती नसे. नको म्हटले तर मांडणीवर जाई. पैसे नसले तर उधारीच्या वहीत ‘फादर’ असे डोके घालून आमचे एक पान होते. धर्मगुरूस किती मानधन मिळते हे वाचकांस ठाऊक आहे. ते पान कधी कोरे नव्हते.

आता या लळ्याला आमच्या धर्मपरंपरेत काय म्हणावे? आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. दारिद्र्याचे व्रत आम्ही घेतलेले नाही. पण म्हणून आसक्तीची मुभा मिळते असेही नाही. क्रूसाच्या संत योहानाने पक्ष्याचा दाखला दिला आहे: पाखरू जाड दोरीने बांधलेले असो की बारीक धाग्याने, तो तुटेपर्यंत त्यास उडता येत नाही. सेमिनरीत हा दाखला ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे प्रत्येक वेळी मॅनीजची काचेची खिडकी येई. संत फ्रान्सिस असिसीकरांकडे एका नवख्या बंधूने स्तोत्रसंहितेची स्वतःची प्रत मागितली, तेव्हा त्यांनी त्याला आधीच सावध केले: आज स्तोत्रसंहिता मिळाली की उद्या प्रार्थनाग्रंथ हवासा वाटेल, आणि मग खुर्चीवर बसून दुसऱ्या बंधूस हुकूम सोडशील. आणि संत जेरोम तर आम्हां पुस्तकवेड्यांचा आदिपुरुष. सारे सोडून तो पूर्वेकडे निघाला, पण रोममध्ये जमवलेली ग्रंथसंपदा त्यास सोडवेना. तापात त्याने स्वप्न पाहिले. न्यायासनापुढे आपण ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगितले, तेव्हा उत्तर आले की तू ख्रिस्ताचा नाहीस, सिसेरोचा आहेस. आणि फटके बसले. यापुढे तसली पुस्तके वाचणार नाही अशी शपथ त्याने स्वप्नातच घेतली. पुढे रुफिनसने ती शपथ मोडल्याचा टोमणा मारला, तेव्हा स्वप्नातल्या शपथा बंधनकारक नसतात, असे या संताने ठणकावले! हा प्रसंग आम्हांस फार दिलासा देतो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु या तिन्ही संतांचा रोख पुस्तकाच्या मालकीवर आहे. दुकानाचा लळा ही निराळी वस्तू आहे. ज्याला पुस्तकांचा लोभ आहे त्याला ती आपल्या कपाटात हवी असतात. कुठून आली याच्याशी त्यास कर्तव्य नसते. ज्याला दुकानाचा लळा आहे त्याला दुसऱ्याच्या ताब्यातल्या, उद्या तिसऱ्याच्याच हाती पडणाऱ्या पुस्तकांमध्ये उभे राहण्यात सुख वाटते. मांडणीवरचे पुस्तक अजून कोणाचेच नसते. शिवाय त्यात एक माणूस असतो, आणि आपण काय वाचतो हे त्या माणसास ठाऊक असते. आपले पाप कबुलीजबाबाच्या खिडकीपलीकडच्या धर्मगुरूस ठाऊक असावे आणि आपली जिज्ञासा पुस्तकवाल्यास, असा काहीसा प्रकार. मराठीत आसक्ती, लोभ, ममत्व असे शब्द आहेत आणि लळाही आहे. पहिल्या तिन्हींत ओढणारे आपण असतो. लळा मात्र लागतो आणि लावलाही जातो; त्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी काहीतरी केलेले असते. आमच्या अल्पमतीप्रमाणे आसक्तीचा प्रश्न इथे फारसा नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या बाजूने जे केले गेले त्याची फेड झाली काय, हा.

आणि इथे आम्हांस आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे.

२००७ साली आमची बदली झाली आणि २०१५ साली पुन्हा याच भागात नेमणूक मिळाली. दुकान होते, काका होते, केस पांढरे झाले होते. मांडणीच्या दोन फळ्यांवर आता स्पर्धापरीक्षांची पुस्तके आली होती. आमच्या हाती दरम्यान स्मार्ट मोबाईल आला होता. एके दिवशी काकांनी गल्ल्याखालून एक जाडजूड चरित्र काढले. छापील किंमत साडेचारशे. आम्ही चाळले, आवडले, “पुढच्या आठवड्यात नेतो,” असे म्हणून बाहेर आलो आणि बाजूच्या रसवंतीगृहात बसून मोबाईलवर किंमत पाहिली. तीनशे पंधरा, घरपोच. काका नेहमी दहा टक्के सोडीत. म्हणजे त्यांच्याकडे चारशे पाच पडले असते. नव्वद रुपयांचा फरक. आम्ही मागणी नोंदवली. (चांदीच्या नाण्यांची उपमा देण्याचा मोह प्रवचनकारास इथे होतो. तो आम्ही टाळतो. काकांस विकले नव्हते, फक्त त्यांच्याकडून विकत घेतले नव्हते.)

पार्सल आणणाऱ्या मुलास आमचे घर सापडेना. या भागात घरांना क्रमांक नसतात; पत्ता म्हणजे अमक्याच्या मळ्याशेजारी, तमक्या ओढ्याच्या अलीकडे. त्याने बाजारात चौकशी केली, कुणीतरी सांगितले की फादर त्या पुस्तकाच्या दुकानात नेहमी येतात, तिथे ठेव. त्याने ते काकांच्या गल्ल्यावर ठेवले. दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा काकांनी गल्ल्याखाली हात घातला आणि आमचे पार्सल काढून आमच्या हाती दिले. “तुमचं आलंय, फादर. पुस्तकच दिसतंय,” म्हणाले. वजनावरून, आकारावरून कोणते पुस्तक ते त्यांनी ओळखले नसेल असे आम्हांस वाटत नाही. तीस वर्षे गठ्ठे बांधणाऱ्या माणसाचे हात ते. त्यांनी चहा मागवला. पावसाची चौकशी केली. ते मांडणीवरचे चरित्र आम्ही निघालो तेव्हाही मांडणीवर होते.

वाचकांस वाटेल की त्या दिवसापासून आम्ही सुधारलो. तसे झाले नाही. आम्ही काय केले ते लिहिताना आजही लाज वाटते. आम्ही मोबाईलवर पत्ता बदलला. पार्सल थेट घरी यावे म्हणून खुणा नीट लिहिल्या. काकांकडून महिन्याला एखादे पुस्तक घेत राहिलो, शंभर-सव्वाशेचे. जाड पुस्तके दुसरीकडून येत राहिली. स्वस्तात घेणे हा दोष असेल वा नसेल. लपवणे मात्र नि:संशय दोष होता, कारण ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही त्याच्यापासून माणूस काही लपवीत नाही. आम्ही लपवले, म्हणजे देणे होते, आणि ते आम्हांस ठाऊक होते.

ते देणे कसले? पैसे तर आम्ही नेहमीच चुकते केले. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांविषयीच्या आपल्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. वैद्याला फी दिली, गुरूला दक्षिणा दिली; मग त्यांचे ऋण कसे उरते? त्याचे उत्तर असे की जे आपण त्यांच्याकडून घेतो त्याची किंमत होत नाही. आपण किंमत देतो ती त्यांच्या श्रमांची, वेळेची. आणि जो वैद्य नाडी पाहून पुढच्या रोग्याकडे वळतो त्याचे फीपलीकडे काही देणे लागत नाही. पण जो आपल्या उशाशी गरजेपेक्षा अधिक बसला, ज्याला आपली काळजी वाटली, त्याने वैद्याचे नव्हे, मित्राचे काम केले. त्याचे ऋण फीने फिटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेची चर्चा करताना सेनेकाचा मोठा आधार घेतला आहे. न्यायाने जे देणे लागते ते एक आणि कृतज्ञतेने जे देणे लागते ते दुसरे, असे ते सांगतात. पहिले कायदा वसूल करू शकतो. दुसरे वसूल केले की ते दुसरे राहतच नाही.

आम्ही हे सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. काकांच्या दुकानापाशी त्याचा अर्थ लागला. पुस्तकाची छापील किंमत हे न्यायाचे देणे. “आधी तुम्ही वाचता काय ते सांगा,” हे त्या किमतीत कुठे धरलेले होते? गल्ल्याखाली बाजूला ठेवलेल्या पुस्तकात आठ-आठ दिवस काकांचे पैसे अडकून पडत. ते कोणत्या पावतीवर होते? साडेचारशेच्या पुस्तकावर पंचवीस टक्के कमिशन मिळाले तरी त्यांना ते तीनशे अडतीसच्या आसपास पडणार, वर एस.टी.चे भाडे. म्हणजे मोबाईलवर ते ज्या किमतीस मिळत होते त्या किमतीस काकांना स्वतःलाही मिळत नव्हते. आमच्या नव्वद रुपयांच्या बचतीत त्यांनी आम्हांस पुस्तक दाखवल्याची मजुरी बुडत होती. पाहायचे त्यांच्याकडे आणि घ्यायचे दुसरीकडे, याला बाजारात काय म्हणतात कोण जाणे. शेतावरचे पाणी पिऊन बांधावर कचरा टाकण्यासारखे ते होते.

उलट बाजूने कोणी म्हणेल: फादर, तुम्ही भावनेच्या भरात आहात. गरिबाच्या मुलास पुस्तक तीनशेत मिळत असेल तर ते चारशेस घे असे सांगण्याचा तुम्हांस काय अधिकार? हा आक्षेप पोकळ नाही. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहातील लहानशा जागेत दुकान मांडले, तेव्हा स्वस्त पुस्तक हाच त्यांचा ध्यास होता. गिऱ्हाइकांस सवलत देणे हे त्या दुकानाचे ब्रीदच होते. तरुणपणी एका दुकानात पुस्तक चाळू न दिल्याचा सल त्यांच्या मनात होता, असे सांगतात. म्हणजे सवलत हीच मुळात पापाची नव्हे. शानभागांची सवलत वाचकास दुकानात आणीत होती, नवी सवलत त्यास दुकानातून बाहेर नेत होती, एवढा भेद. ज्या मुलाकडे खरोखरच तीनशेच रुपये आहेत त्याने ते स्वस्तात घ्यावे. त्यास आम्ही दोष देणार नाही. आम्ही तो मुलगा नव्हतो. नव्वद रुपयांवाचून आमचे काही अडले नव्हते. त्या नव्वद रुपयांचे पुढे काय झाले हेही आम्हांस आठवत नाही.

फ्रान्समध्ये १९८१ साली कायदा झाला की छापील किमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट कोणत्याही दुकानाने द्यायची नाही. अलीकडे, २०२३ पासून, पुस्तक घरपोच देण्यासही किमान शुल्क लावले गेले. तिथल्या सरकारने ओळखले की पुस्तकाचे दुकान ग्राहकाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर सोडले तर जगणार नाही. आमच्या देशात तसा कायदा नाही, आणि तो असावा की नसावा हे सांगण्याइतके अर्थशास्त्र आम्हांस कळत नाही. पण ज्या गोष्टीस कायद्याची गरज लागते ती गोष्ट आपण आपण होऊन केली नाही, एवढे तर त्यातून सिद्ध होते.

मॅनीज २०१२ साली बंद झाले. स्ट्रँड २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झाले. दोन्ही वेळी वृत्तपत्रांत हळहळणारे लेख आले, जुने वाचक अखेरचे दर्शन घेण्यास गेले. मॅनीजच्या बातमीने आमच्याही डोळ्यांत पाणी आले होते. नंतर हिशेब केला: सेमिनरी सोडल्यापासून त्या दुकानातून आम्ही किती पुस्तके घेतली? चार. त्या अश्रूंत दुकानासाठी किती होते आणि सायकलवरून जाणाऱ्या त्या विशीतल्या मुलासाठी किती, हे वेगळे काढता येत नाही.

जुन्नरला हे नवीन नाही. एके काळी इथला कागद प्रसिद्ध होता. जुन्नरी कागद म्हणून तो ओळखला जाई आणि जुन्या दफ्तरांत तो वापरलेला आढळतो. इथले कागदी कारागीर पुढे पुण्यास गेले आणि कसब्याजवळ त्यांचा कागदीपुरा वसला. गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हातकागद बसला. त्या कागदावर ज्यांनी आयुष्यभर लिहिले त्या कारकुनांपैकी कोणी दोन पैसे जास्त देऊन शेवटचा दस्ता घेतला असेल काय? घेतला असेल तर त्याची नोंद कुठे नाही.

काकांचे दुकान टाळेबंदीने नेले, असे लोक म्हणतात. २०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत आणि २०२१ च्या जूनमध्येही नाहीत. दोन सुग्या बुडाल्या की कोणता शेतकरी उभा राहतो? हे कारण खरे आहे आणि ते आमच्या सोयीचेही आहे. मांडणीवर धूळ त्याच्या कितीतरी आधीपासून बसत होती. किल्ल्यांची पुस्तके घेणारे लेखनिक निवृत्त होऊन पुण्यास गेले, मुख्याध्यापिका वारल्या, आणि फादरांच्या घरी पार्सले येत होती.

दुकान बंद झाल्याचे दुःख आम्ही एका वृद्ध गृहस्थांपाशी बोलून दाखवले. ते मूळचे जुन्या आंबेगावचे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे आणि नाव तेवढे आंबेगावचे उरले आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की हे बाबा जलाशयाच्या काठापर्यंत जातात आणि परत येतात. आमचे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “तुम्ही राहत होता का तिथं?” आम्ही म्हणालो, “नाही, पुस्तकं घ्यायला जात होतो.” थोडे थांबून ते म्हणाले, “मग नेहमी जात असाल.” त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांच्या हिशेबी, ज्याचे एवढे दुःख होते तिथे माणूस नेहमी जात असणार, हे उघडच होते.

त्यांचे गाव त्यांच्याकडून घेतले गेले. त्यांच्या दुःखात अपराध नाही, म्हणून ते दरवर्षी काठावर जाऊन उभे राहू शकतात. आम्हांस त्या गाळ्यासमोरून जाताना मोटारसायकल हळू करवत नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरे आणि हेडफोन मिळतात. मुलगा भला आहे, हात हलवतो.

गेल्या पावसाळ्यात शेवटी धीर करून काकांच्या घरी गेलो. वाड्याच्या मागच्या बाजूस ते आणि काकू राहतात. मांडणी त्यांनी माजघरात आणून ठेवली आहे. तीन फळ्या भरलेल्या. परत न गेलेला माल. आम्ही पार्सलाची गोष्ट काढली. पत्ता बदलल्याचेही सांगितले. कबुलीजबाब ऐकण्याची आम्हांस सवय, देण्याची कमी, त्यामुळे फार बोललो असे वाटते. काका ऐकत होते. मग म्हणाले, “फादर, पार्सलं थांबली तेव्हा मला वाटलं तुमची बदली झाली. मग बाजारात दिसलात.” एवढेच. आपण विषय टाळतो आहोत असे त्यांनी भासवले नाही आणि क्षमा केली असेही म्हणाले नाहीत.

आम्ही मांडणीपाशी गेलो. ते जाडजूड चरित्र तिथे होते, कडा पिवळ्या पडलेल्या. आमच्या कपाटात तेच पुस्तक आहे, तीनशे पंधरा रुपयांचे. आम्ही ते काढले, आणखी सहा-सात काढली. सगळीच नेतो म्हणालो. काकू आतून म्हणाल्या, “द्या हो तशीच, ठेवून करायची काय?” काकांनी मान हलवली. कोनाड्यातून पावतीपुस्तक काढले, चष्मा लावला आणि चरित्राची किंमत लिहिली, साडेचारशे. खाली दहा टक्के वजा केले, चारशे पाच. आम्ही पाचशेची नोट दिली. सुटे नव्हते. काकूंनी डब्यातून पंचाण्णव रुपये मोजून आणले, त्यात पाचाचे एक नाणे होते.

बाकीची पुस्तके काकांनी आमच्या हातून घेतली आणि पुन्हा मांडणीवर लावली. “एवढं वाचून या,” म्हणाले. “मग पुढचं सांगतो.”